पोहण्याच्या टाकीत कोणते औषध घालावे?

कामशेतहून पवनानगरकडे जाऊ लागले की पवना धरणाचा विस्तीर्ण जलाशय दिसू लागतो. आजूबाजूला तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर हे किल्ले, आणि मध्ये १९७२ साली पूर्ण झालेल्या धरणाने अडवलेले पावसाचे पाणी. गेल्या काही वर्षांत या जलाशयाच्या परिसरात, आणि तिकडे लोणावळ्यातही, सुटीसाठी बांधलेले आणि भाड्याने दिले जाणारे बंगले वाढले. बंगल्यापुढे पोहण्याची निळी टाकी असणे आता नवलाचे राहिलेले नाही.

या टाक्यांची निगा राखणारी मुले बहुधा जवळपासच्या गावांतली असतात, म्हणजे आपल्याच शाळांतून दहावी-बारावी होऊन गेलेली. आम्ल, आम्लारी, विरंजक चूर्ण हे धडे त्यांनी वाचलेले असतात. पण दुकानातून आलेल्या डब्यांवर निरनिराळी नावे असतात, आणि कोणता डबा केव्हा उघडावा, कशाबरोबर काय मिसळू नये, हे धड्यात नसते. रोज हाताळल्या जाणाऱ्या या पदार्थांमध्ये डोळे आणि फुप्फुसे कायमची जायबंदी करण्याची ताकद आहे. म्हणून हा विषय बंगलेवाल्यांचा म्हणून सोडून न देता, रसायनशास्त्राचा एक चांगला धडा म्हणून आपण तो पाहू.

पाण्यात नेमके काय होते?

टाकीत घालायचे ‘औषध’ कोणत्याही नावाने विकले जात असले, तरी बहुतेक वेळा त्याचे काम एकच असते: पाण्यात हायपोक्लोरस आम्ल तयार करणे. क्लोरीन वायू, विरंजक चूर्ण किंवा गोळ्या पाण्यात गेल्यावर हे आम्ल मिळते, आणि जंतू मारण्याचे काम मुख्यतः तेच करते.

हे आम्ल दुर्बल आहे. त्याचा काही भाग फुटून हायड्रोजन आयन आणि हायपोक्लोराइट आयन बनतात. आयनावर ऋण भार असतो. जंतूंच्या पृष्ठभागावरही ऋण भार असल्याने आयनाला आत शिरणे अवघड जाते. भाररहित आम्लाचा रेणू मात्र सहज शिरतो. त्यामुळे आयनापेक्षा आम्ल कित्येक पटींनी प्रभावी ठरते.

आता खरी मेख येथे आहे. आम्ल किती आणि आयन किती, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरते. सामू ७ असेल तर सुमारे तीन-चतुर्थांश क्लोरीन आम्लाच्या रूपात असतो. ७.५ ला तो जवळपास निम्मा, ८ ला एक-चतुर्थांश, आणि ८.५ ला केवळ दहावा हिस्सा उरतो. म्हणजे सामू ८.५ असलेल्या टाकीत दुप्पट औषध ओतले, तरी सामू ७.५ असलेल्या टाकीची बरोबरी होत नाही. औषध वाढवण्याआधी सामू तपासावा, हा पहिला नियम यातून निघतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सामू ७ ते ७.८ आणि मुक्त क्लोरीन लिटरला किमान १ मिलिग्रॅम असावा असे सुचवले आहे. ‘मुक्त’ या शब्दाकडे आपण पुढे वळू.

एवढ्या क्लोरीनने काय साधते? आतड्यांतील नेहमीचे जिवाणू एका मिनिटाच्या आत मरतात. ‘अ’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूला सुमारे पाव तास लागतो, जिआर्डिया या आदिजीवाला सुमारे पाऊण तास. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाब घडवणारा आदिजीव असा चिवट आहे, की त्याला मारायला लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन दहा दिवसांहून अधिक काळ लागतो. जुलाब होत असलेल्या माणसाने टाकीत उतरू नये, हा सल्ला शिष्टाचाराचा नसून या आकड्याचा आहे.

दुकानातले पाच डबे

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल अशी टाकी घेऊ. तिचे घनफळ ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर. लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन हवा असेल तर एकूण ९६ ग्रॅम ‘उपलब्ध क्लोरीन’ लागेल. हा क्लोरीन निरनिराळ्या डब्यांतून असा मिळतो:

विरंजक चूर्ण (उपलब्ध क्लोरीन सुमारे ३३ टक्के): सुमारे २९० ग्रॅम.
कॅल्शियम हायपोक्लोराइट (६५ टक्के): सुमारे १५० ग्रॅम.
सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण (१० टक्के): जवळपास १ लिटर.
सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट (५६ टक्के): सुमारे १७० ग्रॅम.
ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल (९० टक्के): सुमारे १०७ ग्रॅम.

शेवटची दोन नावे लांबलचक आहेत. बाजारात ती एसडीआयसी आणि टीसीसीए या आद्याक्षरांनी ओळखली जातात, म्हणून आपणही तीच वापरू.

यादीतला पहिला पदार्थ आपल्या गावात टीसीएल पावडर या नावाने माहीत आहे. विहिरीत हजार लिटरला अडीच ग्रॅम टाकायची, हे प्रमाण अनेक शिक्षकांना पाठ असते. ती स्वस्त आहे. पण दमट हवेत तिचा क्लोरीन उडून जातो. पोते पावसाळाभर उघडे राहिले तर ३३ टक्क्यांचे २० टक्के व्हायला वेळ लागत नाही, आणि मग वरच्या २९० ग्रॅमऐवजी ४८० ग्रॅम घालावी लागते. शिवाय तिच्यात चुना असतो. म्हणून ती सरळ टाकीत न भुरभुरता बादलीत कालवून ठेवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच टाकीत ओतावी. द्रावणाच्या कॅनचीही तीच गत: पत्र्याच्या तापलेल्या खोलीत ठेवलेला कॅन दोन-तीन महिन्यांत बराच निःसत्त्व होतो. म्हणून जुन्या मालाचे प्रमाण डब्यावरच्या आकड्यावरून न ठरवता टाकीतले पाणी तपासून ठरवावे.

उन्हाचा प्रश्न

नळाच्या पाण्याची टाकी झाकलेली असते. पोहण्याची टाकी आकाशाखाली उघडी. उन्हातील अतिनील किरण हायपोक्लोराइट आयनाचे विघटन करतात. सकाळी घातलेल्या औषधाचा बहुतेक भाग भर उन्हात दोन-तीन तासांत नाहीसा होतो. म्हणून औषध सूर्यास्तानंतर घालावे, म्हणजे त्याला रात्रभर काम करता येते.

दुसरा उपाय सायन्युरिक आम्लाचा. याला स्थिरक म्हणतात. त्याचा रेणू क्लोरीनला सैलसर धरून ठेवतो आणि उन्हापासून वाचवतो. पाण्यातला क्लोरीन खर्च होऊ लागला की हळूहळू सोडतो. लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम स्थिरक पुरतो. आपल्या टाकीसाठी ३० मिलिग्रॅम म्हणजे १.४ किलो. मात्र धरून ठेवलेला क्लोरीन त्या क्षणी जंतू मारत नाही. स्थिरक जितका अधिक, तितके जंतुनाशन मंद. म्हणूनच स्थिरक असलेल्या पाण्यात मुक्त क्लोरीन किमान २ मिलिग्रॅम ठेवावा असे सांगितले जाते.

एसडीआयसी आणि टीसीसीए यांची सोय आणि अडचण दोन्ही येथेच आहेत. या पदार्थांत क्लोरीन सायन्युरिक आम्लाला जोडूनच येतो. रेणुभारांवरून हिशेब करा: टीसीसीएमधून पाण्यात १० मिलिग्रॅम क्लोरीन गेला की सोबत सुमारे ६ मिलिग्रॅम स्थिरक जातो, एसडीआयसीमधून सुमारे ९ मिलिग्रॅम. रोज लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन टीसीसीएच्या गोळ्यांतून दिला, तर महिन्यात ६० मिलिग्रॅम क्लोरीन आणि ३६ मिलिग्रॅम स्थिरक पाण्यात जमा होतो. क्लोरीन खर्च होतो, स्थिरक राहतो. तो उन्हाने जात नाही, बाष्पीभवनानेही जात नाही. जानेवारीपासून मेअखेरपर्यंत पाणी बदलले नाही, तर तो लिटरला १८० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचू शकतो. टाकीबाहेर उडालेल्या आणि गाळणी धुताना गेलेल्या पाण्याबरोबर जेवढा जाईल तेवढाच कमी.

मे महिन्यात एखाद्या टाकीचे पाणी हिरवे होऊ लागते. देखभाल करणारा आणखी गोळ्या टाकतो. चाचणीत क्लोरीन भरपूर दिसतो, तरी शेवाळे वाढतच जाते. कोडे वाटणाऱ्या या घटनेचे एक नेहमीचे कारण हेच साचलेले स्थिरक असते. त्याला उतारा म्हणजे थोडे पाणी काढून ताजे पाणी भरणे. आणखी गोळ्या टाकल्याने दुखणे वाढतच जाते.

पाणी कोठले, त्यावर औषध

आता निवडीकडे येऊ. पहिला प्रश्न: टाकी कोणत्या पाण्याने भरली?

जलाशयाचे पाणी म्हणजे साठलेला पाऊस. त्यात विरघळलेले क्षार थोडे. विंधनविहिरीचे पाणी कातळातून झिरपलेले, म्हणून बहुधा जड. कॅल्शियम हायपोक्लोराइटमधून १० मिलिग्रॅम क्लोरीन दिला की पाण्याची कठीणता सुमारे ७ मिलिग्रॅमने वाढते. मऊ पाण्याला हे चालते, उलट बरेच. कारण फार मऊ पाणी फरश्यांमधल्या सिमेंटमधून चुना ओढून घेते. पण विंधनविहिरीच्या जड पाण्यात तेच औषध घातले तर पाणी दुधाळ होते आणि फरशीवर, नळ्यांत पांढरा थर बसतो. तेथे सोडियम हायपोक्लोराइट योग्य.

दुसरा प्रश्न आम्लतेचा. एक टक्का द्रावण केले तर टीसीसीएचा सामू ३ च्या आसपास असतो, कॅल्शियम हायपोक्लोराइटचा ११ च्या आसपास. एसडीआयसी मात्र जवळपास उदासीन. पाण्यात बायकार्बोनेट पुरेसे असेल तर ते हा धक्का सोसते. याला पाण्याची क्षारता म्हणतात. ती लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम असणे बरे. मऊ पाण्यात क्षारता कमी, म्हणून गोळ्यांनी सामू झरझर उतरतो, लोखंड गंजते, डोळे चुरचुरतात. यावर उपाय स्वयंपाकघरातला: खाण्याचा सोडा. आपल्या ४८,००० लिटरच्या टाकीत क्षारता १० मिलिग्रॅमने वाढवायला सुमारे ८०० ग्रॅम सोडा लागतो. धुण्याचा सोडा घातला तर क्षारतेबरोबर सामूही बराच वर जातो. तेव्हा हे दोन सोडे एकमेकांऐवजी वापरू नयेत.

पाणी गढूळ असेल तर कोणतेच औषध नीट काम करत नाही, कारण मातीच्या कणांआड जंतू लपतात. आधी तुरटी फिरवून गाळ बसवावा. मात्र तुरटीही क्षारता खाते. शेवाळ्यासाठी मोरचूद वापरण्याची पद्धत आहे. द्राक्षबागायतदारांच्या बोर्डो मिश्रणातला तोच हा मोरचूद. तो शेवाळे मारतो, रोगजंतूंसाठी मात्र त्यावर विसंबता येत नाही. शिवाय फरशीवर डाग पडतात, आणि तांबे पाण्यातून आपोआप जात नाही. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन बनवणारी यंत्रेही मिळतात. ‘क्लोरीन नसलेली टाकी’ म्हणून त्यांची भलावण होते. पण त्यांतही जंतू मारतो तो क्लोरीनच, फक्त तो डब्यातून येण्याऐवजी मिठातून येतो.

पावसाळ्याचे गणित

मावळातला पावसाळा हा टाकीच्या रसायनशास्त्रातील एक मोठा प्रयोगच आहे. आपल्या टाकीवर पावसाळाभरात ३ मीटर, म्हणजे ३०० सेंटिमीटर पाऊस पडतो असे धरू. टाकी १५० सेंटिमीटर खोल आणि काठोकाठ भरलेली. प्रत्येक सेंटिमीटर पाऊस आधी टाकीत मिसळतो, मग तेवढेच पाणी काठावरून वाहून जाते. दर वेळी जुन्या पाण्याचा १५१ वा भाग जातो, १५० भाग उरतात. हे ३०० वेळा झाले, की जुने पाणी किती उरेल? गणकयंत्रावर १५० भागिले १५१ या संख्येचा तीनशेवा घात काढा. उत्तर ०.१४ च्या जवळ येते. म्हणजे टाकीच्या दुप्पट पाऊस पडूनही जुने पाणी पूर्ण जात नाही, सुमारे १४ टक्के राहते. मे महिन्यात १८० मिलिग्रॅम असलेला स्थिरक सप्टेंबरात २५ च्या आसपास येईल. फुकटात झालेली ही सफाई आहे.

पण सोबत क्षारताही धुऊन गेलेली असते. पावसाच्या पाण्यात क्षारता जवळजवळ नसते, आणि विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते किंचित आम्लधर्मी असते. अशा पाण्यात टीसीसीएच्या गोळ्या म्हणजे आम्लात आम्ल. म्हणून पावसाळ्यात हायपोक्लोराइट आणि जोडीला खाण्याचा सोडा हे बरे. ढगाळ हवेत स्थिरकाची गरजही कमी असते.

उन्हाळ्यात स्थिरक एकदाच बेताने घालून पुढे रोज संध्याकाळी हायपोक्लोराइट द्यावे. बंगला सोमवार ते शुक्रवार रिकामा आणि शनिवार-रविवार भरलेला असतो. रोज कोणी येणे शक्य नसेल तर त्या मधल्या दिवसांपुरत्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या वापराव्यात. गर्दी होण्याआधी मात्र पाणी तपासूनच घ्यावे.

वास कशाचा?

टाकीजवळ गेल्यावर उग्र वास आला, डोळे लाल झाले, की ‘क्लोरीन जास्त झाला’ असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा खरी गोष्ट उलटी असते. घाम आणि मूत्र यांतील अमोनिया व युरिया यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामिने तयार होतात. तो वास त्यांचा. हा झाला ‘संयुक्त’ क्लोरीन. तो जंतुनाशनात दुबळा असतो. जंतू मारायला हाताशी उरतो तो ‘मुक्त’ क्लोरीन. वास येतो म्हणजे मुक्त क्लोरीन कमी पडला आहे आणि अंघोळ न करता पुष्कळ लोक पाण्यात उतरले आहेत, असे समजावे.

ग्रामपंचायतीत वापरली जाणारी ओ.टी. चाचणी, म्हणजे ऑर्थोटोलिडिनने येणारा पिवळा रंग, ही एकूण क्लोरीन दाखवते. मुक्त आणि संयुक्त वेगळे कळायला डीपीडी चाचणी लागते. टाकीसाठी हीच घ्यावी. ऑर्थोटोलिडिन आरोग्याला घातक असल्याने ते हाताळताना त्वचेला लागू देऊ नये.

जे एकत्र येऊ नये

१० ऑक्टोबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडीच्या सार्वजनिक जलतरण तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली. पोहायला आलेल्यांपैकी अनेकांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. घरच्या टाकीला वायूची टाकी नसते, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण तोच वायू एका बादलीत तयार होऊ शकतो. हायपोक्लोराइट किंवा विरंजक चूर्ण यांच्यावर आम्ल पडले की क्लोरीन सुटतो. फरशी घासायचे आम्ल आणि हे डबे बहुधा पंपाच्या एकाच खोलीत शेजारी ठेवलेले असतात!

दुसरी जोडी याहून फसवी आहे: टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट. दोन्ही पांढरी, दोन्ही ‘क्लोरीन’. पण ती ओलसर स्थितीत एकत्र आली तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो आणि आग लागू शकते. एकाचे माप दुसऱ्याच्या डब्यात घालणेही धोक्याचे. म्हणून प्रत्येक डब्याचे माप वेगळे असावे, डबे कोरड्या आणि हवेशीर जागी एकमेकांपासून दूर ठेवावेत, आणि औषध पाण्यात घालावे, औषधावर पाणी कधीही ओतू नये. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड आहे. तो पंपाच्या खड्ड्यात साचतो. वास आला तर खाली वाकून पाहू नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, उंचावर निघून जावे.

टाकीतले पाणी जाते कोठे?

पवना धरणाचे पाणी नदीत सोडले जाते आणि खाली रावेत येथे उचलून, निगडीच्या केंद्रात शुद्ध करून पिंपरी-चिंचवड शहराला पुरवले जाते. जलाशयाच्या उतारावरच्या टाकीतून ओढ्यात सोडलेले पाणीही शेवटी याच वाटेला लागते. वाटेत मासे असतात, गुरे पाणी पितात. माशांच्या कल्ल्यांना क्लोरीन अतिशय कमी प्रमाणातही घातक आहे. तेव्हा टाकी रिकामी करण्यापूर्वी काही दिवस औषध बंद ठेवावे, पाणी उन्हात तापू द्यावे, आणि चाचणीत क्लोरीन शून्य आला की ते जमिनीत मुरेल असे सोडावे. मोरचूद मात्र उन्हाने जात नाही. त्याला टाकीत मुळातच जागा न देणे हे शहाणपणाचे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

एक लिटर पाण्यात चमचाभर (सुमारे ५ ग्रॅम) विरंजक चूर्ण कालवून निवळी घ्या. १० मिलिलिटर निवळी एक लिटर पाण्यात मिसळा. हे पाणी तीन पसरट भांड्यांत सारखे वाटा: एक उन्हात, एक सावलीत, आणि तिसऱ्यात चिमूटभर बागेतली माती घालून तेही सावलीत ठेवा. दुसरीकडे एक लिटर पाण्यात अडीच ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवून ठेवा.

दर अर्ध्या तासाने प्रत्येक भांड्यातले ५० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड, चमचाभर व्हिनेगर आणि थोडी पातळ खळ घाला. पाणी निळे होईल. आता हायपोचे द्रावण थेंब थेंब टाकत निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजा. एका मिलिलिटरला २० थेंब धरले, तर एक थेंब म्हणजे लिटरला सुमारे एक-तृतीयांश मिलिग्रॅम क्लोरीन. ताज्या चूर्णाला सुरुवातीस चाळीसच्या आसपास थेंब लागतील. कमी लागले तर चूर्ण किती जुने आहे तेही कळेल.

दोन तासांच्या नोंदींचा आलेख काढा. उन्हातल्या आणि मातीच्या भांड्यांतला क्लोरीन कोणत्या कारणाने गेला, हे विद्यार्थ्यांना आधी स्वतः सांगू द्या. निवळी आणि आम्ल शिक्षकांनीच हाताळावे, आणि प्रयोग उघड्या खिडक्यांच्या वर्गात करावा. उरलेले पाणी ओतण्यापूर्वी त्यात हायपोचे द्रावण घालून क्लोरीन संपल्याची खात्री करून घ्यावी.